नांगराची निशाणी आणि गावची शाळा

जुन्या दस्तऐवजांशी ज्यांचा कधी संबंध आला आहे त्यांस ‘निशाणी नांगराची’ हे शब्द परिचयाचे असतील. खत लिहून देणारा शेतकरी निरक्षर असला म्हणजे दस्तलेखक त्याचे नाव स्वतःच्या हाताने घाली, व त्या नावापुढे नांगराची लहानशी आकृती काढून तीच त्याची सही समजली जाई. लिहून देणारी बाई असली तर बांगडीची निशाणी होई. पुढे आंगठ्याचा ठसा प्रचारात आला व ही चित्रे मागे पडली. ज्या आयुधाने जमीन पिकवावयाची त्याच आयुधाचे चित्र काढून ती जमीन दुसऱ्याच्या स्वाधीन करावयाची, हा प्रकार आपल्याकडे किती काळ चालला होता हे जुने दप्तर चाळणाऱ्यास चांगले ठाऊक आहे.

महाराष्ट्रातील ग्रामीण शिक्षणाचा इतिहास बहुधा संस्थांचा व संस्थापकांचा इतिहास म्हणून सांगितला जातो, व ते योग्यच आहे. परंतु खातेदार शेतकऱ्याने तो आणखी एका बाजूने पाहावयास हवा. ती बाजू जमाखर्चाची. शाळेसाठी पैसा कोणी दिला, शाळा कोणाच्या दारी गेली, आणि ती दारी न आल्यामुळे कोणाचे काय गेले, एवढा हिशेब येथे मांडावयाचा आहे.

प्रथम एक गैरसमज दूर करणे इष्ट आहे. सन १८७५ च्या शेतकऱ्यांच्या दंग्यास ‘सुपे येथे’ आरंभ झाला असे इतिहासाच्या पुस्तकांत असते, व पारनेर तालुक्यातील आमच्या सुपा गावास तो मान देऊन मोकळे होण्याचा मोह पुष्कळांस होतो. ते सुपे निराळे. शहाजीराजांच्या पुणे-सुपे जहागिरीतील ते सुपे पुणे जिल्ह्यात, त्या काळच्या भीमथडी व हल्लीच्या बारामती तालुक्यात आहे. तेथे १२ मे १८७५ रोजी लोकांचा जमाव सावकारांच्या घरांवर व दुकानांवर चालून गेला. तथापि आपला तालुका या प्रकरणातून सुटला नाही. पारनेरला लागूनच असलेल्या शिरूर तालुक्यातील करडे गावी आदल्या डिसेंबरात सावकारावर बहिष्कार पडलेला होता. त्याची जमीन कोणी करीना, त्याच्या दुकानी कोणी जाईना, बलुतेदारही त्याचे काम करीनात. मे महिन्यात दंगा सुरू झाल्यावर नगर जिल्ह्यातील पारनेर, श्रीगोंदे, नगर व कर्जत या तालुक्यांत त्याचे लोण पोहोचले.

या दंग्यातील विशेष गोष्ट अशी की, जमावाची मुख्य मागणी कागदांची होती. खते व हिशेबाच्या वह्या हाती आल्या तेथे त्या जाळून लोक बहुधा परत फिरले. सावकाराने नकार दिला तेथे बळजबरी झाली. माणसांच्या जिवावर उठण्याचे प्रकार थोडे. जो कागद आपणास वाचता येत नाही, ज्यात काय लिहिले आहे हे दुसऱ्याच्या तोंडूनच कळावयाचे, आणि ज्याच्या जोरावर न्यायालयाचा बेलिफ दारात उभा राहतो, तो कागद जाळण्याखेरीज दुसरा उपाय त्या माणसांस दिसला नाही.

कागदास एवढे सामर्थ्य आले कोठून, हेही पाहिले पाहिजे. सावकारी ही इंग्रजी राज्यापूर्वीही होती. परंतु तेव्हा देणेघेणे मिटविण्यास गावची पंचायत होती, व कुळ उठवून लावण्यात सावकारासही लाभ नव्हता. गोल्डस्मिड व विंगेट यांनी इंदापूर तालुक्यापासून जी पाहणी सुरू केली व जिच्यातून रयतवारी पद्धतीस कायमचे वळण लागले, तिने शेतकऱ्यास जमिनीवर वंशपरंपरेचा व हस्तांतर करता येण्याजोगा हक्क दिला. हे हित खरेच. पण जी वस्तू विकता येते तीच गहाण टाकता येते. शिवाय सारा रोख रकमेत व ठरलेल्या हप्त्याने भरावयाचा. पाऊस झाला नाही तरी हप्ता चुकत नसे. अमेरिकेत १८६१ ते १८६५ पर्यंत यादवी युद्ध चालले असता कापसाचे भाव चढले, सावकारांनी हात सैल सोडला व शेतकऱ्यांनी कर्जे काढली. युद्ध संपताच भाव उतरले, आणि थोड्याच वर्षांत १८६७ पासून साऱ्याची फेरआकारणी होऊ लागली. भाव उतरला असता सारा चढला.

त्यात १८५९ च्या मुदतीच्या कायद्याची भर पडली. कर्जाची फिर्याद ठराविक मुदतीत झाली पाहिजे असा नियम कर्जदारास जुन्या-पुराण्या दाव्यांपासून वाचविण्याकरिता केलेला होता. साध्या खतास ही मुदत तीन वर्षांची. परिणाम उलटा झाला. तीन वर्षे भरत आली की सावकार जुने खत रद्द करून मुद्दल व व्याज मिळून नव्या मुद्दलाचे नवे खत लिहून घेई. याचा अर्थ काय होतो हे आपण आकड्यांनी पाहू. दरमहा शेकडा दोन रुपये दराने १०० रुपये काढले असे धरा. तीन वर्षांनी व्याज ७२ रुपये झाले, व नवे खत १७२ रुपयांचे झाले. सहाव्या वर्षी तेच २९५ रुपये, नवव्या वर्षी ५०८ रुपये, बाराव्या वर्षी ८७५ रुपये. हेच कर्ज सरळ व्याजाने बारा वर्षे चालले असते तर सर्व मिळून ३८८ रुपये झाले असते. दोहोंतील सुमारे ४८७ रुपयांचा फरक कोणत्याही अवर्षणाने किंवा टोळधाडीने आणलेला नाही. तो चार वेळा काढलेल्या नांगराच्या निशाणीने आणला. मध्यंतरी शेतकऱ्याने धान्याच्या रूपाने जे दिले ते वहीत कोणत्या भावाने जमा झाले, किंवा मुळीच जमा झाले की नाही, हे विचारण्यास त्याजजवळ पावती नव्हती.

सर्व सावकार लबाड होते असे येथे म्हणावयाचे नाही. अडल्या वेळी बी-बियाणे व सारा त्यांच्याच घरून येत असे, आणि ज्यांनी सचोटीने व्यवहार केला अशी घराणीही होती. परंतु ज्या व्यवहारात दोघांपैकी एकासच वाचता येते त्या व्यवहारात सचोटी ही त्या एकाच्याच मर्जीची गोष्ट होऊन बसते.

दंग्यानंतर सरकारने आयोग नेमला. आयोगाने ज्या गावांची बारकाईने पाहणी केली त्यांत सरकारी जमिनीच्या खातेदारांपैकी सुमारे एक-तृतीयांश कर्जात होते, त्यांचे कर्ज सरासरीने साऱ्याच्या अठरा पट होते, व त्यापैकी जवळजवळ दोन-तृतीयांश जमिनीच्या गहाणावर होते. दिवाणी न्यायालयांतील पुष्कळ निकाल एकतर्फी होत असल्याचेही दिसून आले. समन्स आले ते वाचता येत नाही, वाचून घेतले तर न्यायालय दूर, आणि तेथे जाऊन सांगावयाचे काय? खत तर आपल्याच निशाणीचे.

यातूनच १८७९ साली दक्षिणेतील शेतकऱ्यांच्या मदतीचा कायदा झाला व पुणे, सातारा, सोलापूर आणि अहमदनगर या चार जिल्ह्यांस लागू झाला. त्यातील तरतुदी आजही वाचण्यासारख्या आहेत. शेतकऱ्याने लिहून द्यावयाचा दस्त गावच्या निबंधकासमोर, त्याच्या देखरेखीखाली लिहिला गेला पाहिजे. सावकाराने प्रत्येक रकमेची लेखी पावती दिली पाहिजे. मागणी केल्यास सालाचा हिशेब व पासबुक दिले पाहिजे. न्यायाधीशाने खतावरील आकड्यावर न थांबता व्यवहाराचा मुळापासून शोध केला पाहिजे. आणि कर्जापायी शेतकऱ्यास दिवाणी तुरुंगात घालता येणार नाही. कायदा सद्हेतूचा होता याबद्दल शंका नाही. परंतु त्याची रचना पाहा. शेतकरी वाचू शकत नाही, सबब त्याच्या व सावकाराच्या मध्ये वाचणारा एक तिसरा मनुष्य बसवावा, अशी ती योजना होती. शेतकऱ्यासच वाचावयास शिकवावे ही गोष्ट त्या कायद्यात नव्हती. पावती मिळण्याचा हक्क मिळाला, पण पावती वाचण्याची सोय झाली नाही. आम्ही लेखणीवर पोट भरलेल्या लोकांनी हे सांगावे यात थोडी गंमत आहे. कारण मध्ये बसणाऱ्या त्या तिसऱ्या माणसाच्या जागेवरच आमच्यासारख्यांची उपजीविका झाली.

आता जमेची बाजू. शाळेकरिता पैसा नव्हता काय? होता, आणि तो शेतकऱ्याचाच होता. मुंबई इलाख्यात १८६० नंतरच्या दशकात साऱ्याच्या दर रुपयामागे एक आणा लोकलफंड बसविण्यात आला, व १८६९ च्या कायद्याने त्यास पक्के रूप मिळाले. या आण्यापैकी दोन हिस्से रस्त्यांकडे व एक हिस्सा शाळांकडे जाई. आण्यास बारा पै. म्हणजे साऱ्याच्या प्रत्येक रुपयामागे शेतकरी चार पै शाळेसाठी देत होता. ज्याचा सारा २४ रुपये त्याने लोकलफंड दीड रुपया भरला, व त्यातील आठ आणे शाळेचे. तीस वर्षांच्या एका मुदतबंदीत असे १५ रुपये एका मध्यम खातेदाराने दिले, आणि बहुधा त्याच्या घरातील एकही मूल शाळेत गेले नाही. पुष्कळ गावांत शाळाच नव्हती. जेथे होती तेथे ती पेठेच्या व मोठ्या गावच्या मुलांनी भरलेली असे.

ही विसंगती सर्वांत स्पष्ट शब्दांत जोतीराव फुले यांनी मांडली. १८८२ साली हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात त्यांनी सांगितले की, सरकारच्या उत्पन्नाचा मोठा भाग रयतेच्या श्रमांतून येतो, पण शिक्षणावरील खर्चाचा लाभ वरच्या वर्गांस होतो; इलाख्यातील सुमारे नऊ-दशांश खेड्यांत प्राथमिक शिक्षणाची काहीच सोय नाही. पण फुले तक्रारीवर थांबले नाहीत. शाळा कशी असावी याचा त्यांनी आराखडाच दिला. निदान बारा वर्षांच्या वयापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे असावे. मोडी व बालबोध वाचणे-लिहिणे, हिशेब, थोडा इतिहास-भूगोल व व्याकरण, आरोग्याचे धडे, आणि शेतीचे प्राथमिक ज्ञान द्यावे. जोडीला नमुन्याचे लहानसे शेत असावे. आणि शिक्षक? तो शक्यतो शेतकरी वर्गातला असावा, लोकांत मिसळणारा असावा, व वेळ पडल्यास नांगराचा रुमणा किंवा सुताराचा वाकस हाती धरावयास त्यास लाज वाटू नये. पगारही नीट द्यावा असे त्यांनी सांगितले, कारण अपुऱ्या पगारावर चांगला मनुष्य टिकत नाही. पुढच्याच साली त्यांनी ‘शेतकऱ्याचा असूड’ पुरा केला; त्यात शेतकऱ्याच्या दैन्याचे मूळ ते विद्येच्या अभावात दाखवितात.

हिशेबाच्या अगोदर मोडी, हा क्रम मला फार अर्थपूर्ण वाटतो. त्या काळी खते, वह्या, फेरफार सर्व मोडीत. ज्यास नुसते छापील बालबोध वाचता येई तो पोथी वाची, पण स्वतःचे गहाणखत वाचू शकत नसे. फुल्यांना शेतकऱ्याचा मुलगा पोथीपर्यंत नव्हे, खतापर्यंत पोहोचवावयाचा होता.

पण ही शाळा लवकर आली नाही. सक्तीचा प्रश्न तर पुष्कळ वर्षे लांबला. १९११ साली गोपाळ कृष्ण गोखले यांनी मध्यवर्ती कायदेमंडळात सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचे विधेयक मांडले, ते नामंजूर झाले. संस्थानांत मात्र गाडी पुढे गेली होती. बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी १८९३ साली अमरेली भागात आरंभ करून १९०६ मध्ये सर्व राज्यात शिक्षण सक्तीचे केले. कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९१७ साली तोच मार्ग धरला. आपल्या मुंबई इलाख्यात १९१८ चा कायदा नगरपालिकांपुरता होता. खेड्यांचा विचार १९२३ च्या कायद्याने झाला, आणि सर्वत्र सक्तीचा पाया १९४७ च्या कायद्याने घातला गेला. फुल्यांच्या निवेदनापासून मोजल्यास पासष्ट वर्षे. या पासष्ट वर्षांत साऱ्यावरील उपकर मात्र एका सालीही थांबला नाही.

कायद्यापेक्षा अधिक काम वसतिगृहांनी केले असे माझे मत आहे, व त्याचे कारण खेड्यातल्या माणसास लगेच पटेल. गावात चौथीपर्यंत शाळा असली तरी पुढच्या इयत्ता तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या ठिकाणी. तेथे मुलाने राहावयाचे कोठे व जेवावयाचे कोठे? ब्राह्मणाच्या गरीब मुलास माधुकरीचा व वार लावून जेवण्याचा आधार होता; कुणब्याच्या, माळ्याच्या, धनगराच्या मुलास तो नव्हता, व अस्पृश्य गणलेल्या मुलास तर शहरात पाणी मिळण्याचीही मारामार. ही अडचण ओळखून शाहू महाराजांनी १९०१ पासून कोल्हापुरात निरनिराळ्या जातींच्या मुलांकरिता वसतिगृहे काढली. आपल्या जिल्ह्यात १९१८ साली अहमदनगर जिल्हा मराठा विद्या प्रसारक समाज स्थापन झाला.

आणि पुढच्याच वर्षी, ४ ऑक्टोबर १९१९ रोजी, सातारा जिल्ह्यातील काले या गावी भाऊराव पाटील यांनी रयत शिक्षण संस्था काढली. १९२४ साली त्यांनी साताऱ्यास वसतिगृह सुरू केले. तेथे सर्व जातींची मुले एकत्र राहत, एका पंक्तीस जेवत व आपले अन्न आपणच शिजवीत. मुलांच्या पोटासाठी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने, अखेर मंगळसूत्रही दिले, ही गोष्ट महाराष्ट्रात सर्वश्रुत आहे. १९२७ मध्ये महात्मा गांधींनी या वसतिगृहास भेट दिली. १९३५ साली संस्थेने ग्रामीण शिक्षक तयार करण्याचे विद्यालय काढले. फुल्यांनी मागितलेला, रुमण्यास हात लावण्यास न लाजणारा शिक्षक तेथून बाहेर पडू लागला. ज्या गावांत सरकारी शाळा नव्हती अशा गावांत संस्थेने पाचशेंहून अधिक स्वयंस्फूर्त शाळा चालविल्या. ‘कमवा व शिका’ ही योजना पुढे देशभर गाजली, पण तिचे मूळ शेतकऱ्याच्या घरातलेच आहे. खाणाऱ्याने काम करावे हा शेतकऱ्याच्या घरचा नियमच होता.

नगर जिल्ह्याच्या वाचकांनी आणखी एक नाव विसरू नये. सत्यशोधक चळवळीतील ‘दीनबंधू’ पत्राचे संस्थापक कृष्णराव भालेकर यांचे पुत्र मुकुंदराव पाटील, जे तरवडीस दत्तक गेले, त्यांनी १९१० च्या नोव्हेंबरात सोमठाणे या खेड्यातून ‘दीनमित्र’ साप्ताहिक सुरू केले, व लवकरच ते नेवासे तालुक्यातील तरवडी येथून निघू लागले. वर्तमानपत्र म्हणजे शहराची वस्तू अशी समजूत असता ते खेड्यातून काढावयाचे, तेही पुण्यामुंबईच्या नव्हे तर शेतकऱ्याच्या प्रश्नांवर, आणि १९६७ पर्यंत चालवावयाचे! सावकार, कुलकर्णी, भटभिक्षुक या सर्वांवर त्यांची लेखणी चाले. ‘कुलकर्णीलीलामृत’ या त्यांच्या ग्रंथाने तर मोठी खळबळ उडविली. शाळेत शिकलेले अक्षर विसरून जाऊ नये म्हणून शेतकऱ्यास वाचावयास काहीतरी आपले हवे, हे त्यांनी ओळखले होते. चौथीपर्यंत शिकून पुढे वाचन सुटल्यामुळे पुन्हा निरक्षर झालेली माणसे त्या काळी थोडी नव्हती.

स्वातंत्र्यानंतर पुष्कळ गोष्टी त्वरेने झाल्या. त्या वाचकांच्या परिचयाच्या असल्याने थोडक्यात आटोपतो. कुलकर्णी वतने १९५० च्या कायद्याने नष्ट होऊन गावचे दप्तर पगारी तलाठ्याकडे आले. १ मे १९६२ रोजी जिल्हा परिषदा सुरू झाल्या व प्राथमिक शाळा त्यांच्याकडे गेल्या. लोणी येथे विठ्ठलराव विखे पाटील व धनंजयराव गाडगीळ यांच्या प्रयत्नाने सहकारी साखर कारखाना १९५० च्या अखेरीस चालू झाला, आणि उसाच्या बिलातून कापलेल्या पैशांवर पाटाच्या पाण्याच्या तालुक्यांत विद्यालये व महाविद्यालये उभी राहिली. १९६८ साली राहुरीचे कृषी विद्यापीठ स्थापन झाले, त्यास फुल्यांचेच नाव आहे. आमच्या पारनेर तालुक्यास पाट नव्हता. बाजरी, ज्वारी व हुलग्यावर शाळेची इमारत उठत नाही. पुष्कळ लोक पोटासाठी मुंबईस गेले. तरीही याच तालुक्यातील राळेगण सिद्धीने १९७५ नंतर पाणी अडविण्याबरोबर शाळा उभारली, व इतरत्र नापास झालेल्या मुलांस तेथे मुद्दाम प्रवेश दिला, हे सांगण्यासारखे आहे. २०११ च्या शिरगणतीत जिल्ह्याची साक्षरता सुमारे ७९ टक्के भरली.

मध्यंतरी शाळांस ‘शेतकी वळण’ देण्याचे प्रयोगही झाले, त्यावर एक शब्द बोलणे जरूर आहे. हे प्रयोग फारसे रुजले नाहीत, व त्याचा दोष शेतकऱ्याच्या अनास्थेवर ठेवण्याची रीत आहे. मला तसे वाटत नाही. खुरपणी व कोळपणी मुलगा घरी बापाजवळ शिकतो. शाळेत तो जे घरी मिळत नाही ते शिकण्यास जातो. फुल्यांनी शेतीचे धडे मागितले ते मोडी व हिशेबाच्या जोडीला. पुढील योजनांत कित्येकदा ते हिशेबाच्या जागी आले, आणि शेतकऱ्याने आपल्या मुलास शेतकरीच ठेवण्याचा हा बेत आहे असा संशय घेतला. तो संशय अगदीच निराधार म्हणता येणार नाही.

आता नांगराची निशाणी गेली, आंगठाही बहुतेक गेला. मग हा जुना हिशेब उगाळण्याचे प्रयोजन काय, असे कोणी विचारील. प्रयोजन असे की, सही करता येणे व कागद वाचणे या दोन गोष्टी एक नाहीत. महसूल खात्यात काम करीत असता, उत्तम वळणदार सही करणारे परंतु कशावर सही केली हे न सांगू शकणारे पदवीधर खातेदार मी पाहिले आहेत. फेरफाराची नोंद झाली म्हणजे संबंधितांस नोटीस निघते व हरकत घेण्यास पंधरा दिवसांची मुदत असते. ही नोटीस घरातील कोनाड्यात पडून राहते. आमच्याकडे सुपा-पारनेर औद्योगिक वसाहतीमुळे ज्यांच्या जमिनी संपादनात गेल्या त्यांस १९६१ च्या औद्योगिक विकास अधिनियमाच्या कलम ३२ ची नोटीस म्हणजे काय हे चांगले कळले आहे: म्हणणे मांडावयाचे ते त्या नोटिशीत दिलेल्या मुदतीतच. १५ ऑगस्ट २०२१ पासून ई-पीक पाहणी आली व आपल्या शेतातील पीक आपणच भ्रमणध्वनीवरून नोंदविण्याचा अधिकार खातेदारास मिळाला. पूर्वी जे तलाठी लिहील ते खरे. आता शेतकऱ्याने स्वतः लिहावयाचे आहे, आणि त्याने न लिहिल्यास सातबाऱ्यावर पिकाचा रकाना कोरा राहून नुकसानभरपाईच्या वेळी अडचण पडते.

सावकारीही रूप बदलून आहे. कर्ज द्यावयाचे व तारण म्हणून सरळ खरेदीखत नोंदवून घ्यावयाचे, ‘पैसे फिटले की जमीन परत फिरवून देईन’ हा करार मात्र तोंडी, ही युक्ती आजही चालते. २०१४ च्या सावकारी नियमन अधिनियमान्वये अवैध सावकारीतून गेलेल्या जमिनीबाबत, व्यवहारास पंधरा वर्षांहून अधिक काळ झालेला नसल्यास, सहकारी संस्थांच्या जिल्हा उपनिबंधकाकडे अर्ज करता येतो, व चौकशीअंती व्यवहार सावकारीचाच ठरल्यास जमीन परत मिळू शकते. मात्र अर्जास पुरावा लागतो. ज्याने दिलेल्या रकमांच्या पावत्या, निदान बँकेतील नोंदी जपून ठेवल्या आहेत त्याचेच म्हणणे टिकण्याजोगे होते. १८७९ च्या कायद्यातील पावतीचे कलम येथे पुन्हा आठवते.

बहिणींच्या बाबतीतही हेच. महाराष्ट्रात १९९४ साली व देशभर २००५ साली मुलीस वडिलोपार्जित मिळकतीत मुलाप्रमाणे जन्मतः हक्क मिळाला. त्यानंतर निबंधक कार्यालयांत हक्कसोडपत्रांची रांग लागली. कोणी राजीखुशीने हक्क सोडीत असेल तर तो तिचा प्रश्न. पण दस्त तिच्या हाती देऊन, वाचून मग सही घेणारे भाऊ किती? तेथे बांगडीच्या निशाणीचाच काळ चालू आहे. मुलींच्या शिक्षणाचा आरंभ ज्या नगर शहरात मिस फॅरार यांच्या शाळांनी झाला, व ज्या शाळा पाहून फुल्यांनी १८४८ साली पुण्यास मुलींची शाळा काढली, त्या जिल्ह्यास हे शोभत नाही.

मोडीचेही पाहा. शाळेतून मोडी गेली त्यास साठ-सत्तर वर्षे झाली. २०२३ साली कुणबी नोंदी शोधण्याचे काम सरकारने हाती घेतले तेव्हा ठिकठिकाणी मोडी वाचणारा मनुष्य शोधत फिरावे लागले. नातू पदवीधर, आणि आजोबाचे खत दुसऱ्याकडून वाचून घ्यावयाचे! प्रत्येक मोठ्या गावात दोन-तीन तरुणांनी मोडी शिकून ठेवल्यास ते काम फुकट जाणार नाही. अक्षरओळख महिन्या-दोन महिन्यांत होते. पुढे सराव लागतो.

राहिला गावच्या शाळेचा प्रश्न. वाड्यावस्त्यांवरील पुष्कळ जिल्हा परिषद शाळांत मुले थोडी उरली आहेत. ज्यांस ऐपत आहे ते आपली मुले बसमध्ये बसवून इंग्रजी शाळांत पाठवितात, आणि शाळेत उरतात ती ऊसतोडकऱ्यांची, मेंढपाळांची व शेतमजुरांची मुले. २०२३ साली अल्पपटाच्या शाळा एकत्र करून समूहशाळा करण्याची सूचना सरकारने काढली होती. या बाबतीत खातेदारांनी दोन कागद समोर घेऊन बसावे. एक आपला खातेउतारा, म्हणजे गाव नमुना आठ-अ: त्यात आकाराशेजारी स्थानिक उपकराचे, जिल्हा परिषद व ग्रामपंचायतीचे रकाने आहेत. १८६९ च्या त्या आण्याचेच हे आजचे रूप होय, व शाळा चालविणारी जिल्हा परिषद त्याच उपकराची धनी आहे. दुसरा कागद शाळा व्यवस्थापन समितीच्या सभेचे इतिवृत्त. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे या समितीत तीन-चतुर्थांश सभासद पालक व निम्म्या स्त्रिया असाव्या लागतात. शाळेच्या विकासाचा आराखडा तिने करावयाचा व मिळालेल्या पैशाच्या खर्चावर तिने देखरेख ठेवावयाची. हे इतिवृत्त मुख्याध्यापकांकडे मागता येते. ते मागून, त्याखालील सह्या कोणाच्या आहेत व त्या सह्या करणाऱ्यांनी सभेत बसून मजकूर ऐकला होता काय, एवढी चौकशी येत्या महिन्यात प्रत्येक गावाने करून पाहावी.